चंद्रीला मारलेली हाक

वळसंगच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक वस्ती लागते. तिथल्या दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर काळा फळा आहे. फळ्याची डावी बाजू केंद्राची. लाळ्या-खुरकुताची लस कधी, पेंड कधी येणार, ते तिथं लिहायचं. उजवी बाजू शिवयोगीची.

शिवयोगी एकोणीस वर्षं या केंद्रावर दुधाची फॅट मोजतो. अकरावीला सायन्स घेतलं होतं त्यानं. सहा महिन्यांत बाप अंथरुणाला खिळला आणि कॉलेज सुटलं. पण सुटलेलं सगळंच सुटत नाही. हातात मोबाईल आला तसा तो रोज पहाटे जगभरातलं विज्ञान चाळायला लागला, आणि त्यातली एक गोष्ट खडूनं फळ्यावर उतरवायला लागला. हवेतल्या ओलाव्यातून पाणी काढणारी जाळी. माशीएवढा यंत्रमानव. चंद्रावरून आणलेल्या मातीत उगवलेलं रोप. अक्षर मोत्यासारखं, आणि खाली न चुकता तारीख.

किटली घेऊन रांगेत उभे असलेले लोक वाचायचे, हसायचे. बिरुदेव नावाचा मेंढरंवाला तर रोज एक काडी टाकायचाच. रोपाची बातमी वाचून तो म्हणाला होता, "चंद्रावर शेती व्हईल, पर तितं तरी लाईट दिवसाची देत्यात का रातचीच?"

एकटा बसवेश हसायचा नाही. फळ्यापुढं किटली खाली ठेवून तो सावकाश, ओठ हलवत वाचायचा. मग विचारायचा, "शिवयोगी, हे खरं हाय का?" खरं आहे म्हटलं की मान डोलावून जायचा. पण बातमी डोक्यातून जायची नाही त्याच्या. संध्याकाळी शिवयोगीच्या फोनवर त्याचा आवाज यायचा. टाइप करणं त्याला जमत नसे, म्हणून बोलूनच पाठवायचा. चंद्रावरच्या मातीत गांडूळ असतंय का? माशीएवढ्या यंत्राला वारं लागलं तर ते कुटं जाऊन पडतंय? शिवयोगी ते प्रश्न दोनदोनदा ऐकायचा. साऱ्या वस्तीला वाटायचं, फळा सगळ्यांसाठी आहे. शिवयोगीला ठाऊक होतं, तो कुणासाठी लिहितो.

भादव्यात दोन दिवसांच्या तापानं बसवेश गेला.

त्यानंतर किटली घेऊन त्याची बायको शरणम्मा यायला लागली. डोक्यावरचा पदर नीट, बोलणं नेमकं, कुणापुढं रडणं नाही. मात्र किटली हलकी झाली होती. सात लिटर देणारी चंद्री म्हैस अडीच लिटरवर आली होती. बसवेश धारेला बसताना तिला हाक मारायचा आणि त्या हाकेवर ती पान्हा सोडायची. आता ती दूध चोरत होती. शरणम्मानं नवऱ्याचा सदरा लुगड्यावरून घालून धार काढून पाहिली. दोन दिवस म्हैस फसली. मग सदऱ्याचा वास गेला, आणि पान्हाही गेला.

शिवयोगी लिहायचा थांबला नाही. पण आता नुसता हात खडू चालवत होता, मन त्यात नव्हतं. अशाच एका सकाळी, कार्तिकातली थंडी पडलेली असताना, जे पहिलं सापडलं ते त्यानं लिहून टाकलं: 'माणसाच्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यावरून संगणक त्याचा आवाज शिकतो. मग तो माणूस हयात नसला तरी त्या आवाजात काहीही बोलवता येतं.' तारीख घातली आणि खडूचे हात झटकले. हा फळा आता कोण वाचतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

शरणम्मा फळ्यापुढं बराच वेळ उभी राहिली. तिच्या मागची रांग वाढली. शेवटी तिनं विचारलं, "अण्णा, हे खरं हाय का?"

शिवयोगीच्या हातातली दुधाची नळी तशीच राहिली. त्यानं मान हलवून हो म्हटलं.

दुपारी केंद्र रिकामं झाल्यावर ती परत आली. शिवयोगीनं न विचारताच फोन काढून बसवेशचे प्रश्न तिला ऐकवले. एकामागून एक, गांडुळाचा, वाऱ्याचा, सगळे. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे तुमच्याशी बोलल्यालं हाय, अण्णा. ह्यात घरचं कायबी न्हाय."

मग तिला काय ऐकायचं आहे, हे विचारायला शिवयोगीची जीभ रेटेना. तिनंच पदर सारखा केला आणि जमिनीकडं बघत सांगितलं, की म्हशीला हाक मारणारा आवाज मिळाला तर बघा, जनावर झुरणीला लागलंय. म्हशीचं नाव पुढं करून ती काय मागत होती, ते शिवयोगीला कळलं. आपल्याला कळलं, हे त्यानं तिला कळू दिलं नाही.

दोन दिवस तो मोबाईलशी झटला. बसवेशचे प्रश्न यंत्राला ऐकवले, खाली मराठीत हाक लिहिली, आणि यंत्र बोललं. तोच घोगरा आवाज, शब्दाच्या शेवटी तसाच खाली बसणारा.

संध्याकाळी शरणम्मा धारेला बसली तेव्हा तो गोठ्यात गेला आणि फोन चंद्रीच्या कानाशी धरला. 'ये गं माझे आई, ये.' चंद्रीनं शेपटीनं माशी हाकलली आणि कडब्यात तोंड घातलं.

शरणम्मा कितीतरी दिवसांनी हसली. "अवो अण्णा, तिच्याशी ते मराठी कुटं बोलायचे? कन्नडच की."

शिवयोगीनं कपाळावर हात मारला. त्याच्या घरीही कन्नडच बोलतात. पण शाळा मराठी, फळा मराठी, बसवेशचे प्रश्नही मराठी. लिहायचं म्हटलं की हात मराठीकडंच वळायचा. कन्नडची अक्षरं त्याला येत नव्हती. तिथंच उकिडवं बसून त्यानं तीच हाक, शरणम्मानं सांगितली तशी कन्नडात, पण मराठी अक्षरांत लिहिली आणि बटण दाबलं.

"बा नन्नव्वा, बा."

चंद्रीचं खाणं थांबलं. कान ताठ झाले. दावं ताणलं जाईल तितकी मान वळवून तिनं गोठ्याच्या दाराकडं पाहिलं. शिवयोगीनं पुन्हा एकदा ऐकवलं. ती हंबरली, लांब, खोल. शिवयोगी आनंदून शरणम्माकडं वळला. सडावरचे तिचे हात थांबले होते. तीही दाराकडंच बघत होती.

किटलीत दुधाची एकही धार पडली नाही.

"बंद करा, अण्णा," शरणम्मा म्हणाली. "ती वाट बघाया लागली."

त्यानं फोन बंद केला. पुसून टाकू का, असं हळूच विचारलं. तिनं चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "पुसू नका. पर माझ्या फोनात पन घालू नका. मी दिसभर लावून बसंन. तुमच्यापाशीच असू द्या. लई झालं की येईन मागायला."

एवढं बोलून तिनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं आणि रिकाम्या सडांना पुन्हा हात लावला.

गोठ्याला दार एकच. शिवयोगीला त्यातूनच जायचं होतं. तो उंबऱ्याशी पोचला तशी चंद्रीची नजर त्याच्यावर आली, क्षणभर थांबली, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या मोकळ्या वाटेकडं गेली.