विरजणाची वाटी

डोणगावात मी भाड्याने राहत होतो, तेव्हा समोरच्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. पूर्वी सगळी गल्ली तिच्याकडून विरजण न्यायची. आता दुकानात दह्याची पाकिटं मिळतात. तरी ती रोज दूध विरजायची आणि सकाळी दह्याची वाटी घेऊन ओट्यावर बसायची.

"आजी, एकटीसाठी कशाला एवढं?"

ती पदराने वाटीची कड पुसत राहिली. "मले तं दही सोसतच नाही, बाप्पा. लोकायले गरज हाय म्हून देते, असंच वाटे. आता समजलं, गरज मलेच होती."

दुसऱ्या दिवशी मी रिकामी वाटी घेऊन गेलो. तिचा चमचा दह्यातच थांबला.

"खरंच पाह्यजे, का मले बरं वाटावं म्हून?"

माझ्या घरात पाकीट होतं. मी हातातली रिकामी वाटी खाली घेतली.

तिने दह्याच्या वाटीवर झाकण ठेवलं.