झेंड्यावरची दुहेरी टीप

माझ्या थोरलीने कॉलेजात असताना पक्षाचा पहिला झेंडा शिवला, आणि हिचं लग्न पक्षाशीच लागलंय असं आम्ही म्हणू लागलो. स्थळं आली, परत गेली. हिला सभांमधून सवड कुठे! पक्षाच्या कचेरीच्या तळमजल्यावर शिलाई मशीनसाठी खोली मिळाली, बिनभाड्याची. पोटापाण्याला ब्लाउज, पडदे शिवायची. झेंडे मात्र फुकट, आणि कडेला दुहेरी टीप. "वाऱ्यात फाटला तर लोक पक्षाला हसतील, आई." पक्षाच्या साहेबांना कोणी नावं ठेवली की ही भरल्या ताटावरून उठायची. मी कपाळाला हात लावायचे.

मग ज्यांना साहेब उठता बसता शिव्या घालत, त्यांच्याशीच त्यांनी युती केली. ही म्हणाली, "काहीतरी विचार असेल त्यांचा." विचार! हसावं की रडावं कळेना.

निवडणुकीच्या तोंडावर मी डबा द्यायला गेले, तर साहेब स्वतः खाली आलेले. जुन्या झेंड्यांना मित्रपक्षाच्या रंगाची पट्टी जोडून हवी होती.

"पोरी, कच्चेच टाके घाल. निकाल लागला की उसवायचीय."

"म्हणजे हेही खरं नाही?"

"राजकारणात खरं-खोटं काय घेऊन बसलीस! संध्याकाळपर्यंत दे."

ते गेल्यावर ती नुसती कात्री उघडत-मिटत बसली. मला वाटलं, आता झेंडेच कापते. पण तिने मशीनमध्ये दोरा ओवला आणि प्रत्येक पट्टीवर दुहेरी टीप मारली.

"अगं बये, खोली जाईल ना!"

"जाऊ दे. निदान झेंड्यावर तरी युती टिकू दे."

निकाल लागला, युती मोडली. साहेबांची माणसं पट्ट्या उसवायला बसली, तर कापडच फाटत गेलं. खोली गेलीच. आता मशीन माझ्या बैठकीत, सोफ्यावर ब्लाउजांचे ढीग, पाहुण्याला टेकायला जागा नाही.

आज दुपारी साहेबांचा ड्रायव्हर दारात हजर. "ताई, नवे झेंडे हवेत. साहेब म्हणाले, झालं गेलं विसरा. ही खोलीची किल्ली."

"घे बाई," माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तिने मानही वर केली नाही. "ब्लाउजांच्या मागे नंबर लागेल. किल्ली घेऊन जा."

तो गेला. मी मात्र साहेबांच्या माणसांच्या धास्तीने रात्री दाराची कडी दोनदा उठून पाहून आले. आणि ही महामाया मशीनशेजारी खुशाल घोरतेय.