अंतरपाट आणि अठरा सेकंद

मी माफ करणाऱ्यांतली नाही. ताईचे थोरले दीर, ज्यांना सगळं मादन हिप्परगा गाव अण्णा म्हणतं, त्यांना मी एकवीस वर्षं मनात धरून ठेवलं होतं. भेटले की मी वाकून नमस्कार करायचे, चहा द्यायचे, आणि आत जाऊन दात-ओठ खायचे.

आमच्याकडे लग्नात मुलीच्या घरची एखादी बाई स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणते. कडव्यांत दोन्ही घरच्या माणसांची नावं गुंफलेली असतात. ज्याचं नाव येतं तो मान ताठ करून आजूबाजूला बघतो, ज्याचं राहतं तो पुढच्या लग्नापर्यंत विसरत नाही. आई या कामात पटाईत होती. कमलनगरात आमच्या गल्लीतलं एक लग्न तिच्या आवाजाशिवाय लागलं नव्हतं. ताईच्या लग्नातही तीच गायली, आणि त्यानंतर कधीच गायली नाही.

त्याला कारण अण्णांची डीव्हीडी. लग्नाचं शूटिंग कॅसेटवर झालं होतं. "घरात कम्प्युटर असताना बाहेर कामून द्यायचं?" म्हणून अण्णांनी स्वतःच कॅसेटवरून डिस्क तयार केली. तिच्यात दिसायचं ते असं: अंतरपाट बाजूला होतो, ताई माळ घालते, लोक अक्षता टाकून जेवणाकडे वळतात, आणि आईचा आवाज चालूच. दर दिवाळीला पाहुण्यांना डिस्क दाखवायची आणि त्या जागी अण्णांनी हसायचं, "बघा, अंतरपाट गेला तरी मावशी माइक सोडंनात. अष्टका मुहूर्ताबाहेर गेल्या, मुहूर्त घालवला ह्यांनी." पुढे बोअर आटली, मुहूर्त चुकला होता. ताईला दुसरीही मुलगीच झाली, मुहूर्त चुकला होता. लग्नाला हजर असलेली माणसंसुद्धा हळूहळू डिस्कमध्ये दिसतं तेच आठवायला लागली. आईनंही तेच खरं धरलं, आणि कुणाच्याही लग्नात ती मागच्या रांगेत अक्षता धरून बसायला लागली.

यंदा ताईच्या थोरलीचं लग्न ठरलं. पोरगी हट्टाला पेटली की आजीच गाणार. अण्णांनी फोनवर ताईला सांगितलं, "पुन्हा मुहूर्त घालवायचाय व्हय? आजीला बसून आशीर्वाद देऊ द्या." ताई तेव्हा आमच्याकडे आली होती, फोन स्पीकरवर होता. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला नाही, पण सोललेले दाणे ती टरफलांत टाकत होती. मला ते बघवलं नाही.

मी डिस्क मागवून घेतली. मनात एवढंच होतं की आईचा आवाज वेगळा काढून स्वच्छ करावा, लग्नाच्या दिवशी निदान चित्रासकट तो वाजवावा. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, कम्प्युटरची भीती नाही. पण पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. डिस्कवरचा आवाज सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार तुकड्यांचा, मी तो चव्वेचाळीस हजारांचा समजून बदलला. आई एखाद्या पैलवानासारखी जड आवाजात गायला लागली. ते निस्तरलं. मग आवाज वेगळा काढणाऱ्या प्रोग्रामनं फाइलच्या नावातच उशीर किती तो आकडा लिहून दिला होता, तो मी बघितलाच नव्हता. तो भरला तेव्हा सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळले. दहा मिनिटं पुढं गेले तर पुन्हा बिनसलं.

तेव्हा मी सरळ वही घेतली. ज्यांचा आवाज आणि दृश्य दोन्ही नक्की कळतं अशा जागा शोधल्या. नारळ फुटतो तिथे आवाज तीन सेकंद उशिरा. अर्ध्या तासाला कुणीतरी माइकवर टकटक करतो, तिथे नऊ. उशीर सगळीकडे सारखा असता तर आवाज नुसता मागे-पुढे सरकवून भागलं असतं. पण हा वाढत जात होता. म्हणजे अण्णांच्या कम्प्युटरला कॅसेटचा वेग झेपला नव्हता आणि त्यानं मधली मधली चित्रं गाळली होती. चित्र आखूड झालं, आवाज पूर्ण राहिला आणि मागे पडत गेला.

तासाभरानंतर लग्न लागतं. तिथे मी चित्र थांबवलं आणि आईकडे न बघता पहिल्यांदाच बँडवाल्यांकडे बघितलं. अंतरपाट खाली गेलाय, पिपाणीवाल्याचे गाल फुगलेत, ढोलवाला बडवतोय, आणि ऐकू येतंय आईचं कडवं. बँडचा आवाज येतो बरोबर अठरा सेकंदांनी, आईचं शेवटचं सावधान झाल्यावर. एकवीस वर्षं घरभर ती डिस्क बघितली गेली आणि वाजणाऱ्या बँडचा आवाज कुठे गेला हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मला स्वतःचाही राग आला, पण तो पुरवून वापरायचं ठरवलं.

आईच्या आवाजाला हात लावायचा नाही म्हणून मी चित्रच हळू केलं. सगळं जुळलं. आईचं गाणं संपतं, मग अंतरपाट निघतो, मग बँड. आता आवाज स्वच्छ करून मी मागे गेले. आईच्या आधी अण्णांचं स्वागताचं भाषण होतं, लांबलचक, तीन भाषांत. ते संपल्यावर टाळ्यांखाली, आई माइक हातात घेत असताना, भटजींचा आवाज आला, "मावशी, वेळ भरत आली. अण्णांनी लई लांबवलं." आणि आई हळूच म्हणाली, "माझ्या माहेरचं कडवं सोडते. अण्णांचं ठेवावं लागंल."

माझा मामा त्या दिवशी न जेवता उठून गेला होता. बहिणीनं भर मांडवात आपलं नाव गाळलं म्हणून तो पुढं चार वर्षं आमच्या उंबऱ्याला आला नव्हता. मी आईला विचारलं, "सांगितलं कामून न्हाईस कुणाला?" ती म्हणाली, "ताईला त्याच घरात नांदायचं होतं."

त्या क्षणी मी अण्णांचं काय करायचं ते ठरवलं. बस्त्याचे कपडे खरेदी करून सगळी भावकी ताईच्या घरी परतली, तेव्हा ओसरीवर, माजघरात जागा नव्हती. साड्या बघून झाल्यावर मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आधी जुनी डिस्क, मग माझी. आईनं माझा पदर ओढला, "सगळ्यांदेखत कामून करायलीस?" मी म्हणाले, "त्यांनी सगळ्यांदेखतच केलं होतं."

अण्णा म्हणाले, "ही कम्प्युटरवर जुळवून आणल्याली हाय. कुणी बी काय बी करतंय आजकाल."

मी जुनी डिस्क पुन्हा लावली आणि बँडवर थांबवली. ताईच्या सासूबाई, अण्णांच्या सख्ख्या आई, चष्मा सारखा करून टीव्हीजवळ गेल्या. "व्हय की रं," त्या म्हणाल्या. "पिपाणी तोंडाला हाय अन् आवाज विहीणबाईंचा यायलाय."

मग मी ते भटजींचं वाक्य लावलं. दोनदा लावलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती, मला बरं वाटत होतं म्हणून लावलं.

"मशीनची चूक हाय ती, माझी न्हाई," अण्णा म्हणाले.

"मशीन कुणाचं होतं?" मी विचारलं. ओसरीवर कुणीतरी खोकलं. अण्णा चपला घालून शेताकडे गेले. जाताना ताईला एवढंच म्हणाले, "गाऊ द्या म्हणावं." माफी नाहीच.

आईनं नवी कडवी रचायला घेतली. मी विचारलं, "अण्णांचं नाव घातलंस?" ती वहीतून वर न बघता म्हणाली, "बघू."

लग्नाला अण्णा नवा फेटा बांधून अगदी पुढे उभे होते, मुठीत अक्षता. एकवीस वर्षांनी आईनं माइक धरला. पहिलं कडवं जपून म्हटलं, दुसऱ्यात आवाज मोकळा झाला. पहिलं नाव माझ्या मामाचं आलं. मग व्याह्यांचं, ताईच्या सासूबाईंचं, दोन्हीकडच्या आत्यांचं. आचाऱ्याचं आलं, मांडववाल्याचं आलं, बँडवाल्याचं तर सगळ्यांत गोड चालीत आलं. प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला अण्णा मान वर करायचे. पाचव्याला त्यांनी मान वर करणं सोडलं. आईनं माइक भटजींकडे दिला आणि उरलेला वेळ त्यांनी आपल्या श्लोकांनी भरून काढला.

आई येऊन माझ्या शेजारी बसली, घाम पुसला. "वेळेत झालं न्हवं?"

"दोन मिनिटं शिल्लक होती," मी म्हणाले. "अजून एक कडवं बसलं असतं."

"ठावं हाय मला," आई म्हणाली.