कोपऱ्यावरची बेवारस टाकी

वादळानंतर आमच्या गल्लीतली माणसं गच्चीवर यायची बंद झाली, आणि माझी मोठीच पंचाईत झाली.

कोलकात्याच्या डमडममधली आमची गल्ली अरुंद. घरं एकमेकांना खेटून उभी. संध्याकाळी ऊन उतरलं की सगळे आपापल्या गच्चीवर येतात. कुणी वाळलेले कपडे काढतं, कुणी फोनवर भांडतं, कुणी नुसतंच कठड्याला टेकून उभं राहतं. मी माझ्या गॅलरीत बसून पाहतो. आवाज माझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंचे संवाद मीच म्हणतो. सासूचे जाड आवाजात, सुनेचे बारीक आवाजात. बायको म्हणते, पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही. मी म्हणतो, गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम चाललीय. माझा जन्म इथलाच, पण मराठी बोलायला गल्लीत आमच्याखेरीज एकच घर आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि त्यांच्या काकू. बदलीवर आले आणि इथेच राहिले. त्यांच्याशी बोलताना मला नाटक करावं लागत नाही. निदान वादळापर्यंत तरी लागत नव्हतं.

वादळ रात्रभर चाललं. कोपऱ्यावरचा कृष्णचुडा, म्हणजे आपला गुलमोहर, मुळासकट आडवा झाला. त्याच कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी होती. गंमत अशी की झाड टपरीवर पडलंच नाही, शेजारी पडलं. टपरीवर पडली ती एक काळी प्लॅस्टिकची पाण्याची टाकी. कुणाच्या तरी गच्चीवरून उडाली, तीन मजले खाली आली आणि तिनं पत्रा आणि पत्र्याखालचा वासा दोन्ही खाली आणले. इस्त्रीवाला आणि त्याची बायको बिहारकडचे, टपरीतच राहणारे. बायकोला त्यानं समोरच्या जिन्यात पाठवलं होतं. स्वतः मात्र गिऱ्हाइकांचे कपडे भिजतील म्हणून मागे राहिला. सकाळी त्याला बाजूनं ओढून बाहेर काढलं तेव्हा तो केव्हाच गेला होता. त्याच्या अंगाखालचा कपड्यांचा गठ्ठा कोरडा होता. माझे दोन कुडते त्यात होते.

पोलीस आले. टाकी कुणाची, त्यांनी विचारलं. अख्खी गल्ली तिथे उभी होती, आणि आपल्या गच्चीवर काय असतं नि काय नसतं हे एकालाही आठवेना. फोटो काढून ते निघून गेले.

तेव्हापासून गच्च्या ओस पडल्या. वर जाऊन इकडेतिकडे पाहिलं तर शेजाऱ्याची टाकी मोजली असं होणार, आणि तोही आपली मोजणार. मोठमोठ्या गृहस्थांची पायाखाली पाहून चालायची पद्धत मी त्या दिवसांत पाहिली. लाइट नव्हता, पंप बंद होते, त्यामुळे सगळेच कोपऱ्यावरच्या हापशावरून बादल्या वाहत होते. त्यात कुणाची टाकी आहे आणि कुणाची नाही हे कळायला मार्ग नव्हता. काळोख इतका सोयीचा मी कधी पाहिला नाही.

मग एके दुपारी लाइट आला. सगळीकडे पंखे फिरायला लागले, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि आमच्या समोरच्या घरातल्या सुनेनं आनंदाच्या भरात पंप चालू केला. वर गच्चीत टाकी नव्हती, नुसता उघडा पाइप होता. पाण्याचं कारंजं उडालं आणि भिंतीवरून धो धो खाली यायला लागलं. सगळ्या गल्लीच्या माना एकदम वर गेल्या. सासरा बनियनवर रस्त्यात आला आणि देवीची शपथ घेऊन सांगू लागला की आमची टाकी मागच्या तळ्यात पडली. कुणी विश्वास ठेवीना. शेवटी त्यानं दोन माणसं तळ्यात उतरवली, दोर लावून आपली टाकी बाहेर ओढली आणि ती गल्लीतून वाजतगाजत घरी नेली. लग्नात नवऱ्या मुलाचा बाप चालतो तसा तो चालत होता. मी हसून हसून गॅलरीत खाली बसलो. मग कोपऱ्याकडे लक्ष गेलं. इस्त्रीवाल्याची बायको आडव्या झाडाच्या बुंध्यावर बसून ती मिरवणूक पाहत होती. मी आत गेलो.

तिला एकच गोष्ट हवी होती. कोपरा मोकळा व्हायला हवा होता. टपरीची जागा मोकळी झाली की ती पुन्हा पत्रा उभारणार होती, कोळसा पेटवणार होती. वापरात नसलेला कोपरा या शहरात फार दिवस कुणाचा राहत नाही. आत्ताच एक चहावाला दोनदा येऊन जागा पाहून गेला होता. पण शेजारी आडव्या पडलेल्या झाडाची एक जाड फांदी वर आल्यानं टाकी तिच्याखाली अडकून टपरीच्या बरोबर मधोमध बसली होती. फांदी तोडली असती तर दोन माणसांनी टाकी सहज उचलली असती. पण हात लावायचा कुणी? जो हात लावेल त्याची ती टाकी, असं न बोलता सगळ्यांचं ठरलं होतं.

शिवाय टाकीवर ते चित्र होतं. काळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेलं. उभ्या आडव्या रेघा, मध्ये ठिपके, वर काहीतरी कमानीसारखं. गल्लीतल्या क्लबच्या सेक्रेटरीनं सांगितलं की हे तांत्रिक यंत्र आहे. त्यानं फोटो काढून कुठल्याशा ज्योतिषाला पाठवला. ज्योतिषानं म्हणे लगेच उत्तर दिलं, स्पर्श करू नये. मग तर काय, लोक टाकीला वळसा घालून चालायला लागले.

मला ते यंत्र पाहताक्षणी ओळखू आलं. एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती होती ती. दसऱ्याला आपण पाटीवर काढतो तशी. आदल्या दसऱ्याला काकूंना गुडघ्यांमुळे गच्चीवर चढवत नव्हतं, तरी नवी टाकी आली म्हणून त्या हट्टानं चढल्या होत्या. दरवर्षी कुठे वर चढणार, म्हणून खडूऐवजी खिडक्यांचा उरलेला रंग घेतला. रंगाचा डबा माझ्या हातात होता. नंतर खाली बासुंदी होती.

टाकी पाहिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काकांकडे गेलो. काकू आत पडल्या होत्या. मी प्यायला पाणी मागितलं. काकांनी बाटलीतून पेल्यात ओतून दिलं आणि मी ते पिईपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले.

"काका," मी म्हटलं, "कोपऱ्यावरची सरस्वती ओळखीची वाटते."

काका खाली बसले. आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात बोलले. काकूंना त्यांनी सांगितलं होतं की टाकी मागच्या अंगणात पडून फुटली, भंगारवाला घेऊन गेला. प्लंबर टाकीला तार बांधू या म्हणत होता तेव्हा काकाच त्याला हसले होते. भरलेली टाकी उडून कुठे जाणार, म्हणाले होते. वादळाच्या दिवशी दुपारीच लाइट गेला आणि रात्रीपर्यंत टाकी रिकामी झाली.

"ती एकदा तिथून उचलली जाऊ दे," काका म्हणाले. "मग मी स्वतः जाऊन त्या बाईला सांगतो. टाकी तिथे असेपर्यंत माझ्यानं बोललं जाणार नाही. तू तोवर गप्प राहा."

मी गप्प राहिलो. आणि मग काका कामाला लागले.

असा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. रोज सकाळी ते वॉर्ड ऑफिसात जाऊन बसायचे. शेजारच्या गल्ल्यांमधली झाडं गेली, आमचं का नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं. बँकेत वापरलेली सगळी बंगाली त्यांनी बाहेर काढली. परत येताना कोपऱ्यावर थांबायचे आणि इस्त्रीवाल्याच्या बायकोला सांगायचे की आज अमुक साहेब भेटले, उद्या नक्की गाडी येईल. तिच्यासाठी पाव, दूध, कधी काकूंनी केलेला शिरा न्यायचे. ती त्यांना बाबूजी म्हणायची आणि उठून उभी राहायची. गल्लीत काकांचं नाव झालं. सेक्रेटरी म्हणाला, एवढ्या मोठ्या मोहल्ल्यात त्या बिचारीसाठी धावणारा एक मराठी माणूस निघाला, आम्हाला लाज वाटायला हवी. काका त्या वेळी शेजारीच उभे होते. एरवी असे संवाद मला सोन्यासारखे वाटतात. त्या दिवशी काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

अखेर गाडी आली. पाच-सहा माणसं, दोन यांत्रिक करवती, एक मुकादम. गल्ली जमली. काकांनी घरी निरोप पाठवला की माणसांसाठी चहा पाठवा. कामगारांनी फांद्या कापायला सुरुवात केली, पालापाचोळा गाडीत भरला, बुंध्याचे तुकडे केले. टाकीवरची फांदी तेवढी राहिली. मुकादम म्हणाला, फांदी नेतो, टाकी नेणार नाही. झाड सरकारचं, टाकी खासगी. उद्या मालक उगवेल आणि आमच्यावर चोरीचा आळ घेईल. मालक असेल तर त्यानं पुढे यावं, हो म्हणावं, लगेच उचलतो.

काका त्याला समजावत होते. बेवारस आहे, म्हणत होते. इतक्या दिवसांत कुणी आलं का? मुकादम मान हलवत होता. इस्त्रीवाल्याची बायको दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिला सगळी बंगाली कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. तेवढ्यात एक कामगार राहिलेली फांदी तोडायला टाकीवर चढला आणि रबरी चप्पल घातलेला पाय बरोबर त्या चित्रावर रोवून उभा राहिला.

"अरे, पाय काढ! पाय काढ! सरस्वती आहे ती!"

काकू होत्या. घरातली कामवाली आली नव्हती, म्हणून गुडघे धरत धरत स्वतः चहाची किटली घेऊन आल्या होत्या. ओरडल्या मराठीत, पण सरस्वती हा शब्द बंगालमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कामगारानं टाकीवरून उडीच मारली, चप्पल काढली आणि हात कपाळाला लावला. करवत बंद झाली. काकूंना माशिमा, म्हणजे मावशी, म्हणणारा सेक्रेटरी पुढे आला. त्याला बिचाऱ्याला खरंच कुतूहल होतं.

"माशिमा, ही सरस्वती? आम्हाला तर काहीच दिसत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे, मीच काढली ना," काकू म्हणाल्या. "दसऱ्याला."

हे बोलताना त्या हसत होत्या. इतक्या माणसांत ते चित्र आपल्यालाच ओळखता आलं याचा त्यांना आनंद झाला होता. मग त्यांनी पुन्हा टाकीकडे पाहिलं. टाकीखालच्या चेपलेल्या पत्र्याकडे पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या त्या बाईकडे. किटली हातात तशीच राहिली.

"अहो," त्या म्हणाल्या. "आपली टाकी?"

काकांनी उत्तर द्यायला किती वेळ लावला मला सांगता येणार नाही. मी रंगमंचावर उभा राहिलेला माणूस आहे, थांबणं किती लांबवायचं ते मला कळतं. हे तसलं थांबणं नव्हतं.

"आपलीच," ते म्हणाले. आणि मग मुकादमाकडे वळून बंगालीत, "टाकी माझी आहे. घेऊन जा."

मुकादमानं खूण केली. फांदी कापली, दोघांनी टाकी दोन्हीकडून धरली आणि गाडीत टाकली. ती पालापाचोळ्यावर पडली, तिचा आवाजसुद्धा झाला नाही. इतक्या दिवसांचं काम तेवढ्यात झालं. खाली पत्रा, मोडका वासा, आणि एक कोळशाची इस्त्री आडवी पडलेली.

त्या बाईनं इस्त्री उचलली. मग ती काकांसमोर येऊन उभी राहिली. आता ओरडेल, मारेल, अशी सगळ्यांची तयारी होती.

"बाबूजी," ती म्हणाली, "आप तो रोज आते थे."

एवढंच. 

पुढे पोलीस पुन्हा आले, काका चौकीत जाऊन आले, बिहारहून तिचा दीर आला आणि काही बोलणी झाली. काय ठरलं ते मी विचारलं नाही. कोपऱ्यावर नवी टपरी उभी राहिली. चहावाला निराश होऊन दुसरीकडे गेला. काकूंनी नव्या टाकीला लोखंडी पट्ट्या बांधून घेतल्या. दसरा आला तेव्हा त्यांनी पाटीसुद्धा काढली नाही.

मग एकदा मी कुडते आणायला गेलो, तर इस्त्री फिरवता फिरवता तिनं विचारलं, बाबूजींच्या घरून नुसत्या साड्या येतात, शर्ट येत नाहीत. दुसरीकडे देतात का? मी म्हटलं, नाही, बिनइस्त्रीचेच घालतात. ती म्हणाली, त्यांना सांगा, द्या म्हणावं. मला काम हवंय.

मी निरोप दिला.  काकांनी कपाट उघडून शर्ट काढले. सगळे धुतलेले, हातानं घड्या घातलेले. एकेक घडी त्यांनी मोडली, जुन्या चादरीत गठ्ठा बांधला आणि स्वतः घेऊन निघाले. मी घरी येऊन गॅलरीत उभा राहिलो. त्यांनी गठ्ठा तिच्या फळीवर ठेवला. तिनं तो सोडला, शर्ट मोजले, बाजूला ठेवले. वर पाहिलं नाही. काका उभेच राहिले. तिनं इस्त्रीत कोळसे घातले, फुंकर मारली, आणि त्यांच्यासमोरच पहिला शर्ट पसरून घेतला.

दोघांचे ओठ हलत नव्हते. असे प्रसंग म्हणजे माझी मेजवानी. मी कठड्याला धरून उभा राहिलो, आणि मला एकाचाही संवाद सुचला नाही.