वाघर, बारा मेंढरं आणि ‘अभाव’

माझ्या पहिल्या प्रदर्शनातली माझी कलाकृती मेंढरांनी खाल्ली नाही; त्यांनी सुनीलची खाल्ली.

सुनील दौंडचा, माझा कॉलेजातला मित्र. कलेचं शिक्षण संपवून मी वडगाव रासाईला घरी आलो, तेव्हा नुसतं चित्र काढणं आम्हा दोघांनाही मागासलेपणाचं वाटत होतं. (चित्र काढायला यावं लागतं, ही दुसरी अडचण.) म्हणून शिरूरला मंगल कार्यालय घेऊन मांडणशिल्पांचं प्रदर्शन ठरवलं. म्हणजे वस्तू मांडायच्या आणि शेजारी त्यामागचा विचार लिहून लावायचा.

आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. त्यांना कोंडायची दोरीची जाळी, वाघर, माळ्यावर पडून होती. ती मी हॉलच्या चार खांबांना बांधली, आत काहीच ठेवलं नाही आणि पाटी लावली, ‘अभाव’. सुनीलनं कडब्याचा उपाशी माणूस उभा केला. त्याचं नाव ‘भूक’.

पुण्याहून एक समीक्षक येणार होते. त्यांना पटलं तर पुण्यातल्या प्रदर्शनात जागा मिळणार होती. सकाळपासून मी दार ते रस्ता अशा चाळीस खेपा घातल्या.

समीक्षकांच्या आधी आप्पा, म्हणजे माझे वडील आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या.

“ह्यातनं कोकरू बी निसटंल. आन् आत काय हाय?”

“काहीच नाही. तेच दाखवायचंय.”

“मंग पाव्हणं बघणार काय?”

“नसलेलं.”

मला ताप आला की बघायचे, तसं आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेले. मला वाटलं, चहाला गेले.

समीक्षक आले. मी त्यांना स्थलांतर आणि रिकामपण समजावत होतो, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. आप्पांनी घोडनदीच्या काठी कळप घेऊन उतरलेल्या माझ्या मामांकडून बारा मेंढरं आणली होती.

“हाक आत,” आप्पा मला म्हणाले. “मामाला सांजच्याला माघारी द्यायचीत.”

सात मेंढरं वाघरीत गेली. पाचांनी ‘भूक’ बघितली. मी आणि सुनील ओढाताण करेपर्यंत उपाशी माणसाचे पाय संपले होते; सुनील डोकं तेवढं छातीशी धरून उभा राहिला.

समीक्षकांनी मला बाजूला सारून आप्पांना विचारलं, “यामागचा विचार काय तुमचा?”

“इचार कसला? मेंढरं वाघरीत असली की मला झोप लागायची. इकल्यापासनं लागत न्हाई. पोरगं न्हाई ते दाखवतंय. मी म्हणलं, व्हतं ते तरी दाखवावं.”

हे मला कधीच सांगितलं नव्हतं त्यांनी. अर्थात, मी विचारलंही नव्हतं.

समीक्षक बराच वेळ वाघरीपाशी थांबले. मग पुण्याचं आमंत्रण दिलं, आप्पांना.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमधल्या लेंड्या भरत होतो. शाळेची पोरं घेऊन एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “दादा, झाडून झालं की कलाकारांना बोलवा ना.”

“चहाला गेलेत, येतीलच,” मी म्हणालो आणि पोरांना बसायला जागा झाडून दिली.