नोटिशीवरची तारीख

नाहूरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. सभेची नोटीस मी चौदा दिवस आधी लावली होती, पण बोर्डावरचा कागद उडून गेला. सभेच्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना नवी प्रत छापून दिली, तर कॉम्प्युटरने तिच्यावर परस्पर त्याच दिवसाची तारीख टाकली, तीही अमेरिकन पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस! काकांनी ती सभेत नाचवली, "नोटीस आजची, सभा रद्द!" आणि सभा रद्द झालीच.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन तारखेचं आपोआप बदलणं बंद केलं. आधी वार, मग दिवस, मग मराठीत महिना, असा माझा स्वतःचा साचा बसवला.

पुढच्या सभेत काकांनी सगळ्यांसमोर कॉम्प्युटरवर नोटिशीची फाइल उघडायला लावली. तारीख जागची हलली नाही. टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर काका हळूच जवळ आले. "माझ्या तक्रारअर्जावर पण अशीच तारीख बसवून दे गं."