वैनगंगेत उभी राहिले त्या सकाळी

नवरा लढाईत गेला आणि मी देवाशी बोलणं टाकलं. एकाहत्तरची लढाई ती. आमचं गाव आसगाव, घरची धानाची शेती, लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली. सरकारने मागाहून शौर्यपदक दिलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाची मर्जी होती, पोरी." मी म्हटलं, "मंग असा देव घरात कायले पायजे?" आणि देव्हाऱ्याची दारं लावून टाकली. कपाळाचं कुंकूही पुसलं नाही. बायका कुजबुजायच्या. मी तशीच कुंकू लावून धानाच्या रोवण्याला चिखलाच्या बांधीत उतरायची.

दोन वर्षांनी एका सकाळी पदक पदरात बांधून पवनीला गेले. वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उभं राहून देवाला म्हटलं, "मानूस नेला, आता हे बी ने." पदराची गाठ सोडत होते, तेवढ्यात घाटावरून कुणीतरी विचारलं, "ताई, आसगावची वाट कोणती?" कुबडी घेतलेला, एक पाय गेलेला माणूस होता. कुणाकडे जायचंय, विचारलं. त्याने माझ्याच नवऱ्याचं नाव घेतलं.

मी कोण ते सांगितलं, पदराची गाठ पुन्हा आवळली आणि पाण्यातून येऊन पायरीवर बसले. तो साताऱ्याकडचा, त्यांच्याच तुकडीतला. ओढ्यात सात जण अडकले होते, समोरून गोळ्यांचा मारा. "त्यांनी मशीनगन घेतली आणि बांधावर एकटे थांबले, वहिनी. आम्ही सहा जण निसटलो. आता कुठे चालता यायला लागलंय, म्हणून आलो."

"त्याइले भेव नाही वाटलं?"

"वाटलं. तरी तुमच्याच बोलीत म्हणाले, 'तुम्ही व्हा समोर, मी मागून येऊन राहिलो.'"

त्यांचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी रडले. ते कुणाच्या मर्जीने गेले नव्हते, स्वतःच्या मर्जीने थांबले होते. मग त्या माणसाला नेमकं त्याच घटकेला घाटावर कुणी आणलं? मला ठाऊक नाही, आणि त्यावर मी वादही घालत नाही.

पाहुण्याला घरी नेऊन जेवू घातलं. त्या सहाही जणांची नावं विचारून घेतली आणि संध्याकाळी देव्हारा उघडला.

पुढे बरीच वर्षं गेली. देवापुढे मी अजूनही ताठच बसते, स्वतःसाठी काही मागत नाही. ती सहा नावं मात्र रोज एकेक करून घेते आणि सांगते, "यांच्यावर नजर ठेव. माह्या मानसानं वाचवलेले आहेत. आता तुह्या हवाली."